सानिका पास झाली होती

आमच्या भागातल्या एका शाळेनं सानिका नावाच्या मुलीला फसवलं. मुलगी नववीच्या वार्षिक परीक्षेत गणितात पास झाली होती. शाळेनं तिच्या आईकडून मुलीचं नाव काढून घेण्याचा अर्ज आधी लिहून घेतला आणि निकाल नंतर दाखवला.

एवढं सांगितलं की माझं खरं तर काम संपलं. पण संपादकांनी शिकवणीतले गमतीदार अनुभव मागितले होते. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं म्हणाले. मी म्हटलं, हलकं हवं असेल तर दुसरी बाई बघा. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की आधी थोडं धंद्याबद्दल लिहायचं आणि मग मला जे लिहायचंय ते. शाळेचं नाव मी लिहीत नाही. संपादकांना भिऊन नाही. सानिकाच्या आईनं हात जोडले म्हणून.

मी वाढले दादरच्या फुलबाजारात. आई शेवंती आणि झेंडू विकायची, मी तिच्या मागे गोणपाटावर बसून गिऱ्हाइकं बघायची. फुलांना दुपारपर्यंतच किंमत. त्यामुळे तिथे बसणाऱ्याला समोरच्याचा चेहरा पटकन वाचावा लागतो: हा घेणार आहे की नुसता विचारतोय, अजून ताणलं तर टिकेल की पुढच्या गाळ्यावर जाईल. पुढे रात्रशाळा करून मी बी.कॉम. झाले. नोकरी का मिळाली नाही तो वेगळा विषय आहे आणि त्यावरही माझं पुष्कळ भांडून झालं आहे. लग्नानंतर लालबागच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या. चाळ पडून टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो, शिकवणी पण लिफ्टनं वर आली. मुलांना मी टीचर म्हणू देत नाही. काकू म्हणायचं. टीचर म्हटलं की मूल खोटं बोलायला लागतं.

क्लास आणि शिकवणी यात फरक असतो, तो बाहेरच्या माणसाला कळत नाही. क्लासला बोर्ड असतो, बॅच असते, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतात. शिकवणी म्हणजे सतरंजी, आणि शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी. क्लासवाला पुढचं शिकवतो. आमच्याकडे मूल येतं तेच मागचं काहीतरी तुटलेलं घेऊन. आणि आई म्हणते, "काकू, फक्त होमवर्क करून घ्या हो. घरी नुसती रडारड होते."

रडारड मुलाची कमी आणि घरच्यांची जास्त असते. म्हणून शिकवणीचं पहिलं काम म्हणजे मोठ्या माणसाला खोलीबाहेर काढणं. गिरगावात एका जुन्या घरी मी काही महिने जात होते. घरात वकील आणि हिशेबतपासनीस पिढ्यानपिढ्या. नातू चौथीत, गणिताचं पुस्तक बघितलं की गॅलरीत जाऊन बसायचा. आजोबा खुर्ची टाकून शेजारी.

"पावकी येत नाही, निमकी येत नाही, याला अपूर्णांक कसे येणार?" आजोबा म्हणाले.

"निमकी म्हणजे काय?" नातू.

"बघा! अर्ध्याचा पाढा, आणि निमकी म्हणजे काय विचारतो!"

मी म्हटलं, "आजोबा, जरा चहा सांगता का?"

"चहा आत्ताच झाला तुमचा."

"मग परत सांगा."

ते उठून गेले. रोज चहा व्हायला लागला. काही दिवसांनी त्यांनी मला दारात गाठलं, "हल्ली तो स्वतःहून वही उघडतो. तुम्ही नेमकं शिकवता काय त्याला?" मी म्हटलं, "अजून काहीच नाही. तुम्हाला बाहेर बसवलंय." ते इतके रागावले की मला वाटलं आता हे काम गेलं. पण बाहेर बसत राहिले. शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं, अपमान झाला तरी युक्ती चालते आहे हे त्यांना दिसतं.

दुसरा नियम, 'सोपं आहे' असं मुलाला कधीही म्हणायचं नाही. आपण धीर द्यायला म्हणतो. मूल ऐकतं ते असं: सोपं आहे आणि तरी मला येत नाही, म्हणजे मीच ढ. 'कठीण आहे, बघू या' म्हटलं तर चुकायला जागा राहते.

तिसरी माझी स्वतःची पद्धत. ती मी बाजारातून आणली आणि तिच्याबद्दल मला अजून थोडा गर्व आहे. गृहपाठ दहा गणितांचा. मूल रडकुंडीला आलेलं. मी विचारायची, "यातली किती करणार?"

"दोन."

"सात."

"तीन!"

"पाच. त्याखाली मला परवडत नाही."

"चार!"

"चल, चार. पण कुठली चार ते तू निवडायची."

मुलाला वाटतं आपण काकूंना गुंडाळलं. पण सगळ्यात हलकी चार शोधायची तर दहाच्या दहा वाचावी लागतात. गणिताला घाबरणारी बहुतेक मुलं गणित वाचतच नाहीत. आकडे बघतात आणि पेन्सिलीला टोक काढायला लागतात. निवडण्याच्या नादात वाचून होतं, आणि वाचून झालं की अर्धी भीती जाते. पाचवं मी मागत नसे. कधी मूल आपणहून करायचं, कधी नाही. नाही केलं तर वहीत जागा कोरी सोडायची. शाळेत विचारलं तर सांगायचं, हे मला आलं नाही.

या कोऱ्या जागेपायी माझी पुष्कळ गिऱ्हाइकं गेली. आईवडिलांना वही पूर्ण लागते. आमच्याच गल्लीत एक जण फळ्यावर उत्तरं लिहून देत असे, मुलं ती उतरवून घेत, आईबाप खूश. त्याच्याकडे जागा मिळत नसे. आता तर फळ्याचीही गरज उरली नाही. फोननं गणिताचा फोटो काढला की खाली पायऱ्यांसकट उत्तर येतं. आयांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी एकीनं सोडवलेलं पान फिरतं. वह्या इतक्या सुंदर मी उभ्या आयुष्यात बघितल्या नव्हत्या. आणि मुलं इतकी कोरी.

सानिका आली ती अशीच सुंदर वही घेऊन.

दिवाळीनंतर आली. नववीत, सहामाहीत गणितात नापास. तिची आई सुवर्णा दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर आहे, वडील शिवडीला गोदामात माल चढवायचं-उतरवायचं बघतात. दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. घरी भांडायलाही कोणी मोठं माणूस नाही, म्हणजे माझ्या हिशेबानं केस सोपी. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"दहा आहेत. किती करणार?"

"शून्य."

गिऱ्हाईक भावच बोललं नाही तर घासाघीस कशी करणार? मी म्हटलं, "बरं, शून्य," आणि लसणाची पाटी पुढ्यात ओढून सोलायला बसले. चार पाकळ्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही उत्तरं सांगा ना, मी लिहिते. सगळे तसंच करतात."

"सगळे कोणाला विचारतात?"

"फोनला."

"फोन परीक्षेला येतो?"

"नाही. म्हणून तर नापास झाले ना," ती म्हणाली. रडून नाही, चिडून. मला मुलगी आवडली.

मग तिनं एक गणित केलं, पेन इतकं दाबून की कागद फाटला. तीन एक्स बरोबर एकशेवीस, तर एक्स किती. तिनं लिहिलं, एकशेसतरा.

"तीनचं वजा तीन का केलंस?"

"पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. सातवीपासून."

ज्यांचं गणित सुटलं आहे त्यांच्यासाठी सांगते. समीकरण सोडवताना संख्या बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे गेली की अधिकची वजा होते, वजाची अधिक होते. हे मुलांना मंत्रासारखं शिकवतात. का होतं ते कोणी सांगत नाही, कारण पोर्शन संपवायचा असतो. पण हा मंत्र बेरीज-वजाबाकीचा आहे. तीन एक्समधला तीन हा गुणायला बसलेला आहे, तो पलीकडे भागायला जातो. सानिकानं मंत्र इमानदारीनं सगळीकडे लावला. सातवी, आठवी, नववी, प्रत्येक वर्षी लाल फुल्या घेतल्या, आणि तिला वाटत राहिलं की आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. डोक्यात कमी काही नव्हतं. जे सांगितलं ते तिनं ऐकलं होतं.

मी म्हटलं, "एक्स सोड. सारखे तीन हार आहेत. तिन्हीत मिळून एकशेवीस फुलं. एका हारात किती?"

"चाळीस," ताबडतोब.

"एकशेसतरा का नाही?"

"एका हारात एकशेसतरा कशी असतील काकू? मग बाकीच्या दोन हारांत मिळून तीनच उरतील!"

"तूच तर आता उरवलीस."

तिनं वहीकडे बघितलं. आणि हसायला लागली. असं हसली की स्वयंपाकघरातून आमचे मिस्टर बघायला आले, काय झालं म्हणून.

यापुढचं लिहिताना मला दम लागतो, कारण पुढचं गमतीचं नाही, नुसतं काम आहे. एक दोरा ओढला की सगळी वीण हातात येते. समीकरणाच्या मागे अपूर्णांक निघाले, अपूर्णांकांच्या मागे भागाकार. रोज संध्याकाळी तेच. मला राग लवकर येतो, हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. एकदा मी फारच ओरडले. ती पण उभी राहून ओरडली, "तुम्ही ओरडता तेव्हा मला फक्त तुमचा आवाज ऐकू येतो, गणित ऐकूच येत नाही!" त्यानंतर राग आला की मी लसूण सोलायला घ्यायची. घरात सोललेला लसूण इतका साठला की मिस्टर म्हणाले, "काय गं, हॉटेल काढतेस की काय?"

थंडी सरत आली आणि शाळेतून सुवर्णाला बोलावणं आलं.

बोलावण्यामागची पद्धत सांगायला हवी. दहावीचा निकाल ही शाळेची पाटी असते. निकाल शंभर टक्के लागला की गेटवर फ्लेक्स लागतो, पुढच्या वर्षी ज्युनिअर केजीच्या प्रवेशाला रांग लागते. म्हणून गाळणी नववीत लावतात. कच्च्या मुलाच्या आईवडिलांना ऑफिसात बोलावून गोड आवाजात सांगतात की याला दहावी झेपणार नाही, तुम्हीच दाखला काढा आणि दहावीला बाहेरून बसवा. आमच्याकडे याला सतरा नंबर म्हणतात, त्या फॉर्मच्या नंबरावरून. सोय वाईट नाही. शाळा सुटलेल्यांसाठी, कामाला लागलेल्यांसाठी ती आहे, आणि तिच्यामुळे पुष्कळ लोक शिकले. पण ज्या मुलीला शाळेत बसायचंय तिला ढकलायला ती नाही. आणि अर्जात आईवडील लिहून देतात, 'आम्ही स्वखुशीने'.

सुवर्णा रडत माझ्याकडे आली. "मॅडम म्हणतात, नाव काढा. आता काय करू काकू?"

"रडणं बंद कर आणि उद्या सुट्टी टाक," मी म्हटलं. "मी येते."

मुख्याध्यापिका मॅडमचं ऑफिस नीटनेटकं. सानिकाचे गणिताचे सर बाजूला उभे होते, तरुण मुलगा, गळ्यात ओळखपत्राची दोरी. सुवर्णा खुर्चीच्या कडेवर बसली. मी पूर्ण बसले.

"आम्हाला मुलीचं भलंच हवं आहे हो," मॅडम म्हणाल्या. "दहावीचा ताण तिला सोसवेल का?"

"ते वार्षिक परीक्षेत कळेल. पास झाली तर ठेवा. नापास झाली तर दाखला न्यायला मी स्वतः येईन."

"आपण कोण?"

"मी तिची शिकवणी घेते."

"अच्छा, ट्यूशन टीचर." त्या हसल्या. "त्याचं काय आहे, होमवर्क तर तिचं आधीही छानच असायचं."

"आता बघा. आता कोऱ्या जागा असतात."

सरांनी मान वर केली. म्हणाले, "खरंय मॅडम. हल्ली तिला जे येत नाही ते ती सोडून देते. जे करते ते स्वतः करते."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि सर पुन्हा खाली बघायला लागले. मी ताणत राहिले. दुसरी चाचणी घ्या, तोंडी घ्या, माझ्यासमोर घ्या. मी दमत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाहेर दुसरे पालक थांबले होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. वार्षिकला गणितात पास झाली तर दहावी आपल्याच शाळेत."

एवढं मला पुरलं. फुलबाजारात हातावर हात मारला की माल त्याचा. नंतर भाव चढला तरी शब्द फिरवत नाहीत, कारण फिरवला तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कोणी फूल देत नाही. मॅडमना दुसऱ्या दिवशी कोणी काही द्यायचं नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

परीक्षा झाली. बीजगणिताचा पेपर देऊन सानिका घरी न जाता माझ्याकडे आली, दप्तर टाकलं आणि अख्खा पेपर न विचारता पुन्हा सोडवून दाखवला. जे सोडून आली होती तेही सांगितलं. मी तपासला. पास होती. जेमतेम नाही, चांगली पास. भूमितीच्या पेपरनंतर येताना माझ्यासाठी सुकी भेळ घेऊन आली. "काकू, प्रमेय सोडलं. बाकीचं सगळं केलं." भेळ खाताना आम्ही दोघी गणिताबद्दल एक शब्द बोललो नाही. माझ्या सगळ्या धंद्यातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ असावी.

निकालानंतर सुवर्णा पेढे घेऊन आली. मी एक तोंडात टाकला.

"काकू, मॅडमनी पास केलं हो तिला!"

"मॅडमनी म्हणजे? ती झाली."

"नाही, म्हणजे..." आणि मग तिनं सांगितलं. निकालाच्या आदल्या दिवशी शाळेतून फोन आला होता, ताबडतोब या. ती जेवणाच्या सुट्टीत दादरहून धावत गेली. मॅडम म्हणाल्या, गणिताचं काही खरं दिसत नाही. आता दाखल्यासाठी अर्ज दिलात तर पास करून वर चढवू, दहावीला बाहेरून बसू दे. नाहीतर नापासचा शिक्का बसेल, वर्ष जाईल. क्लार्कनं मजकूर सांगितला, सुवर्णानं लिहिला. दुसऱ्या दिवशी निकाल हातात आला. सगळ्या विषयांत पास.

पेढा माझ्या तोंडातच होता. गिळवेना आणि थुंकवेना.

"मला फोन का नाही केलास?"

"वेळ कुठे होता? मालक सुट्टीवर नजर ठेवून असतो."

"अगं, जे तुझ्या पोरीचं होतंच ते त्यांनी तुला विकलं!" मी इतकी ओरडले की शेजारचं दार उघडलं. सुवर्णा शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही भांडून घरी येता. मला पोरीला घेऊन त्याच दारात उभं राहावं लागतं."

मी तो पेढा गिळला.

दुसऱ्या दिवशी मी तिला आणि सानिकाला घेऊन शाळेत गेले. मॅडम या वेळी हसल्या नाहीत.

"तुम्ही शब्द दिला होता, पास झाली तर ठेवू," मी म्हटलं.

"पास झाली कुठे? ते आम्ही ग्रेस देऊन केलंय. आईंनी अर्ज दिला म्हणून."

"पेपर दाखवा."

"निकालानंतर पेपर दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही."

मी सरांकडे वळले. "सर, तुम्ही तपासलात ना? तुम्ही सांगा. मार्क तिचे की तुमचे?"

सर ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "मॅडम सांगतील."

सानिका दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. जिना उतरताना तिनं मला विचारलं, "काकू, म्हणजे मी पास झाले नव्हते का?"

मी सांगितलं, झाली होतीस. पुन्हा सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर, वडिलांसमोर सांगितलं. शिक्षण खात्याच्या ऑफिसात तक्रार करू म्हटलं. वडील सबंध वेळ पंख्याकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "आता काय करतलंव काकू? झाला ता झाला." अर्ज सुवर्णाच्या हातचा, त्यात स्वखुशीने लिहिलेलं. कोणाकडे काय तक्रार करणार, असं तिचं म्हणणं. मी एकटी गेले तर मला विचारतील तुम्ही कोण. एकदा विचारून झालंच होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मिरची गल्लीत मसाल्याला मिरच्या घ्यायला गेले तर समोर सर. मला बघून वळायला लागले. मी वाट अडवली.

"काकू, प्लीज. मी काँट्रॅक्टवर आहे."

"तुमचं नाव मी कुठे घेणार नाही. फक्त सांगा, पेपर कोणी तपासला?"

"मी."

"ग्रेस द्यावे लागले?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मिरच्यांच्या खकाण्यानं त्यांचे डोळे लाल झाले होते, माझेही. "मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. "अभ्यास सोडू नका सांगा तिला." आणि गर्दीत गेले.

मी घरी येऊन सानिकाला सांगितलं, सर असं म्हणाले. ती म्हणाली, "मार्क माझे होते असं म्हणाले?"

"तसं नाही म्हणाले. पण त्याचा अर्थ तोच."

"काकू, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलणार."

या वर्षी मी शिकवण्या बंद केल्या. गुडघे बोलतात, आणि फोनशी भाव करण्याइतकी ताकद उरली नाही. फक्त सानिका येते. दहावीला बाहेरून बसते आहे. गणितं बरोबर सोडवते, माझ्यापेक्षा लवकर. पण शेवटची ओळ लिहायच्या आधी पेन थांबतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघते. मी मान हलवीपर्यंत ती लिहीत नाही. मी लसूण सोलायला खाली मान घातली तरी थांबून राहते. भागाकार मी तिला परत शिकवू शकले. हे मला शिकवता येत नाही, कारण हे तिनं माझ्याकडून घेतलेलं नाही. त्या ऑफिसच्या दारात उभं राहून घेतलेलं आहे.

मॅडम, दिवाळी अंक तुमच्या स्टाफरूममध्ये येतात, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचेल. शब्द मोडलात ते भांडण माझं आहे, ते मी माझं बघून घेईन. तुमच्या गेटवर काय लावता त्याच्याशीही मला देणंघेणं नाही. पण एका मुलीनं परीक्षा दिली आणि तिचं काय झालं हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी सांगून उपयोग नाही, मी तिच्या बाजूची. तुम्हाला यायचं नसेल तर सरांना पाठवा. पेपर त्यांनी तपासलाय. सानिका रोज संध्याकाळी माझ्याकडे असते, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट चालू असते. मी आत जाऊन बसेन, एक शब्द बोलणार नाही. या, तिच्यासमोर बसा, आणि तिला सांगा ते मार्क कोणाचे होते.